भिंतीपलीकडचा खेळ

त्याचं खरं नाव थिएटरच्या हजेरीपटावर होतं तेवढंच. बाकी सगळ्यांसाठी तो ‘बॅटरी’. अंधारात चाचपडणाऱ्या माणसाच्या पायाशी उजेडाचा बशीएवढा तुकडा पाडायचा, तो तुकडा खुर्चीपर्यंत सरकवत न्यायचा आणि चुकूनही कुणाच्या डोळ्यांवर जाऊ द्यायचा नाही, हे त्याचं उभ्या जन्माचं काम. हातात बॅटरी, पण माणूस उजेडाचा वैरी. दारावरचा जाड पडदा धरून कुणी घोटाळत उभं राहिलं की हा दात-ओठ खात कुजबुजायचा, “आत तरी या, नाहीतर बाहेर तरी जा. सिनेमा सांडतोय!”

तिकिटाच्या खिडकीत ती बसायची. म्हणून ती ‘खिडकी’. दोघांचं जमलं तेव्हा वरच्या केबिनमध्ये मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरने चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर जाहीर केलं, “दाराने खिडकी पटवली रे! आता आपल्या थिएटरात हवा खेळती राहणार.” ती लाजली बिजली नाही. म्हणाली, “हवेचं सोडा. खिडकीवर सुटे आणा म्हणावं आधी.”

गंमत अशी, की या दोघांनी मिळून इतके खेळ लावले आणि उठवले, पण एकही सिनेमा धड पाहिला नाही. त्याला सुरुवात कधीच मिळाली नाही, कारण सुरुवातीला उशिरा येणाऱ्यांची रांग. शेवटही नाही, कारण शेवटाच्या आधी दारं उघडायला पळायचं. मधलं जे काही दिसायचं ते रडकी पोरं, सांडलेले चहा आणि खुर्चीवरून जुंपलेली भांडणं यांच्या फटींतून. आणि तिला तर काहीच दिसायचं नाही. तिकिटं संपली की ती खिडकीची फळी पाडायची, हिशेब बांधायची आणि स्टूल मागे सरकवून भिंतीला पाठ लावून बसायची. त्या भिंतीच्या पलीकडे सभागृह होतं. भिंतीतून सगळं यायचं: गाणी, घोडे, दारं आपटणं, आया, खलनायक, पाऊस. फक्त धार बोथट होऊन यायचं, उशीखाली ठेवलेल्या रेडिओसारखं.

मग खेळ सुटल्यावर घरी चालत जाताना दोघं सिनेमा जोडायचे.

“तो लंगडा होता का हो? एक पाय जोरात वाजत होता.”

“लंगडा नाही गं. एका पायात बूट होता, एकात चप्पल.”

“का?”

“ते मला काय माहीत? मी तेव्हा बाल्कनीत एका बाईला उलटी होत होती तिकडे होतो.”

“म्हणजे त्याचा बूट कुणीतरी चोरला. आधी एक बाई म्हणाली होती, ‘तुझ्या घरातली वस्तूच तुला पकडून देईल.’”

“अस्सं! म्हणून तो पोलीस सारखा खाली बघत होता!”

असं करत करत घर येईपर्यंत सिनेमा पुरा व्हायचा. तिचे कान, त्याचे डोळे. कुलूप काढताना शेवट ठरायचा, आणि तो न पटल्यास स्वयंपाकघरात वाद.

एक वाद मात्र कधीच मिटला नाही. दोन बहिणींचा एक सिनेमा होता, थिएटरला फार दिवस चाललेला. धाकटी घर सोडून निघून जाते. दार लागतं. थोरली जिन्यात एकटी उरते. आणि मग बराच वेळ, नुसता तिचा आवाज.

“कशी रडते हो ती,” खिडकी म्हणाली होती. “पोटातून.”

“रडते? हसते ती!”

“काहीतरीच.”

“अगं, माझ्या या डोळ्यांनी बघितलंय. त्याच्यापुढेच मध्यंतर आहे, मी दाराशी उभाच असतो. तेवढा एक प्रसंग मी रोज अख्खा बघतो. भिंतीला टेकते आणि हसत सुटते. एवढी वर्षं घर तिचं नव्हतं, आता झालं. म्हणून हसते.”

“मीपण रोज अख्खा ऐकते. रडते.”

“हसते!”

“तुम्ही दारात उभे. दारातल्या माणसाला काय कळतंय?”

“आणि खिडकीतल्या बाईला कळतं!”

मुलगी लहान असताना या भांडणाला कंटाळून विचारायची, “मग दोघं एकदा तिकीट काढून बघा ना!” तेव्हा दोघंही तिच्याकडे असे बघायचे, जणू तिने हलवायाला मिठाईच्या दुकानात रांग लावायला सांगितलंय.

मग थिएटर बंद झालं. पाडलं. त्या जागी काचेची दुकानं आली. सामान भंगारात जाताना बॅटरीने मागच्या रांगेतल्या दोन खुर्च्या मागून घेतल्या. जोडलेल्या, मधला हात एकच, बसायची फळी आपोआप वर उचलली जाऊन खटॅक्कन वाजणारी. त्या खुर्च्या गॅलरीत उभ्या राहिल्या, त्यांच्यावर कुंड्या आल्या. मुलीचं, चिमणीचं, लग्न झालं, तिची खोली रिकामी झाली. आणि एका सकाळी चहा पिताना खिडकी दोन घोटांच्या मध्ये थांबली. चहा गरम होता म्हणून नाही. तिला श्वास घ्यायचा होता.

बॅटरीने ते पाहिलं. अंधारातही माणसाची चाल ओळखणारा तो, उजेडात बायकोचा श्वास कसा ओळखणार नाही? डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं थकलीत, जपा. किती थकलीत ते तिने विचारलं नाही, त्याने विचारलं नाही. घरी येताना रिक्षात तो एकदम म्हणाला, “चिमणीच्या खोलीत मी थिएटर करणार.”

“काय करणार?”

“थिएटर. दोन खुर्च्यांचं. तुला मी एक सिनेमा अख्खा दाखवणार. पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत. माझ्याशेजारी बसवून. तो बहिणींचाच. म्हणजे एकदाचं कळेल कोण हसतं आणि कोण रडतं.”

“अहो, मला कुठे...” ती म्हणाली, आणि त्याच्या तोंडाकडे बघून थांबली. “बरं. करा.”

ते ‘मला कुठे’ तो विसरून गेला. नंतर फार आठवलं.

फंडातले थोडे पैसे होते, त्यात बसवायचं होतं. एक शिकवणीवर्ग बंद पडला होता, त्यांचा प्रोजेक्टर मिळाला. आत दिवा अजून बरा होता, फक्त वरच्या झाकणावर कुठल्यातरी विद्यार्थ्याने कर्कटकाने हृदय कोरलं होतं. जावयाच्या जुन्या संगीतयंत्राचे स्पीकर आले. पडद्यासाठी पडद्याचंच कापड घेतलं, उजेड न झिरपणारं, पांढरं, लाकडी चौकटीवर ढोलासारखं ताणलेलं. त्याला चारी बाजूंनी काळ्या मखमलीची किनार खिडकीने शिवली. शिवणाच्या मशीनचं पायडल थोडा वेळ चालवायची, थांबायची, हात मांडीवर ठेवून बसायची.

“दमलीस?”

“दोरा ओवतेय.”

दोरा ओवलेलाच असायचा.

स्पीकर पहिल्यांदा लावून बघितले त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाई सपाता फटफटवत खाली आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका; अजूनही बोलताना हातात अदृश्य पट्टी.

“कुणाचं लग्न आहे का?”

“नाही बाई, चाचणी.”

“नापास. माझ्या कपाटातल्या बरण्या नाचतायत.”

एवढं पुरलं. बॅटरीच्या डोक्यात बसलं, की आता या खोलीतून टाचणीएवढा आवाज बाहेर जाता कामा नये. त्याने सुताराला बोलावलं. सुतार तरुण, बोलघेवडा, कानामागे पेन्सिल आणि तोंडात कायम कुठलीतरी माहिती.

“भिंतींना अंड्यांचे ट्रे लावतात म्हणे,” बॅटरी म्हणाला.

“लावतात काका. त्याने आवाज थांबत नाही, नुसती आमलेटची आठवण येते. आवाज थांबवायचा तर वजन पाहिजे. भिंतीपासून सोडून चौकट मारू, आत कापूस ठासून भरू, वरून दुहेरी बोर्ड. जुन्या गाद्या आहेत का घरात?”

होत्या. लग्नातली एक, चिमणीच्या जन्मावेळची एक. त्या उसवल्या. भिंतीच्या पोटात त्यांचा कापूस गेला. सगळ्यात जास्त कापूस मधल्या भिंतीत भरला, कारण तिच्या पलीकडे दोघांची झोपायची खोली होती.

“तू पडलेली असलीस आणि मी काही बघत असलो, तर तुला त्रास नको,” तो तिला म्हणाला. ती दारात उभी राहून कापूस बघत होती.

“एवढा कशाला हो?”

“त्रास नको गं तुला.”

खिडकीवरून वाद झाला. खोलीच्या खिडकीवरून. सुतार म्हणाला, “काका, ही पार बंद नका करू. निदान वर हवा ओढणारा पंखा काढू.”

“पात्यांतून उजेड येतो.”

“त्याला वाकडा पाइप लावता येतो. हवा वळते, उजेड वळत नाही.”

“आणि आवाज?”

“तो थोडा वळतो.”

“मग नको.”

“काका, बंद डबा होईल. माणसाला श्वास लागतो.”

“तीन तासांचा सिनेमा आहे, तीन महिन्यांचा नाही! आमच्या थिएटरात एवढी माणसं कोंडलेली असायची, कुणी मेलं का? मी एवढं आयुष्य उजेड बाहेर ठेवण्यात घालवलं, आता माझ्याच घरात भोक पाडू?”

सुताराने पेन्सिल कानामागे अडकवली. “तुमचं थिएटर, तुमचा कायदा.” आणि खिडकीवर फळी ठोकली, तिच्यावर कापूस, तिच्यावर बोर्ड. दाराला चारी बाजूंनी रबराची पट्टी बसवली. दार लावलं की जाम बसायचं, उघडताना ओढावं लागायचं. भिंतींना गडद रंग दिला, चमक नसलेला. आता खोलीत शिरलं की आपलेच हात दिसेनासे व्हायचे.

चाचणीच्या दिवशी त्याने बायकोला झोपायच्या खोलीत उभं केलं आणि आत आवाज मोठा करून लावला. पाच-सहा मिनिटांनी दार ओढून, घामाघूम, बाहेर आला.

“आलं काही ऐकू?”

“लावलं होतंत?”

तो एवढा हरखला, की टाळी वाजवली. “मुख्याध्यापिकाबाई पास करणार आपल्याला!”

ती मधल्या भिंतीवर हात ठेवून उभी होती. “छान जमलंय,” म्हणाली.

पहिला खेळ रविवारी दुपारी लावला. मुलगी म्हणाली होती, आम्ही सगळे येतो. तो म्हणाला, हाउसफुल्ल आहे, दोनच खुर्च्या. त्याने इस्त्रीचा सदरा घातला, तिने ठेवणीतली शाल घेतली. दार उघडलं, आत मिट्ट काळोख. त्याने खिशातून जुनी बॅटरी काढली, तिचं कोपर धरलं आणि तिच्या पायाशी उजेड पाडला.

“अगंबाई,” ती म्हणाली. “असं होय!”

“काय?”

“तुम्ही एवढ्या लोकांना असं नेत होतात. मला कधी कळलंच नाही कसं वाटतं ते.”

“कसं वाटतं?”

“राणीसारखं. पण राणीला दम लागलाय, हळू चाला.”

खटॅक. खटॅक. दोन्ही फळ्या खाली झाल्या. दार त्याने आधीच घट्ट दाबून लावलं होतं. आणि मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा त्या सिनेमाची सुरुवात पाहिली. पाट्यांच्या मागे एक रस्ता होता, रस्त्यावर सायकलवर दोन लहान मुली. म्हणजे त्या लहानपणापासून दिसतात! आणि थोरलीच सायकल चालवत होती, धाकटी मागे बसली होती! त्याला ठाऊकच नव्हतं. उशिरा आलेल्यांच्या पायांशी उजेड पाडत त्याने किती काय सोडून दिलं होतं. तो पुढे वाकून बघत राहिला, लहान पोरासारखा, तोंड उघडं टाकून.

मधल्या हातावर तिची बोटं वाजत होती. गाणं चालू होतं. त्याला वाटलं, ताल धरलाय. त्यानेही तिच्या बोटांवर बोटं ठेवून ताल धरला.

गाणं संपलं. बोटं वाजतच होती.

त्याने मान वळवली. पडद्यावरच्या उजेडात तिचं तोंड उघडं होतं, मान मागे पडलेली, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या ताठ. ती त्याला हाक मारत होती आणि हाकेला हवा नव्हती. तो उठला. खुर्ची खटॅक वाजली. बॅटरी हातातून पडली, कुठेतरी घरंगळली. अंधारात हजारो माणसांना वाट दाखवणाऱ्याला स्वतःच्या खोलीचं दार सापडेना. सापडलं तेव्हा ते रबराला चिकटून बसलेलं. त्याने पाय भिंतीला लावून ओढलं.

उंबऱ्यावर बसून ती बराच वेळ नुसती हवा पीत राहिली. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. आत सिनेमा चालूच होता. शेवटी तिने त्याच्या सदऱ्याची बाही धरली.

“बाकीच्या प्रेक्षकांना... पैसे परत द्या,” म्हणाली.

“तू बोलली का नाहीस? आधीच का नाही बोललीस?”

“तुम्ही... बघत होता ना.”

त्यानंतर दवाखाना. मग घरी, पलंगाशी ऑक्सिजनचं यंत्र, नाकात नळी. डॉक्टर आता ‘जपा’ म्हणाले नाहीत. ‘जवळ राहा’ म्हणाले. मुलगी राहायला आली. पलंग मधल्या भिंतीला लावला, कारण यंत्राची तार तिथेच पुरत होती.

बॅटरीने थिएटरला कुलूप घातलं. सुतार भेटायला आला आणि त्याने पंख्याचा विषयसुद्धा काढला नाही, म्हणून बॅटरीनेच काढला.

“तू सांगितलं होतंस.”

“जाऊ द्या काका.”

“माणसाला श्वास लागतो, म्हणालास.”

“काका, त्यांचं आधीपासूनचं होतं. त्या खोलीने नाही झालं.”

“डॉक्टरही तेच म्हणतात,” बॅटरी म्हणाला. डॉक्टरांचं खरं असेलही. पण तो ताल त्याच्या बोटांतून जात नव्हता.

एका दुपारी तिला जरा बरं होतं. म्हणाली, “तुमचं थिएटर बंद का?”

“बंद. कायमचं.”

“लावा ना काहीतरी.”

मुलीने ताबडतोब प्रोजेक्टर इकडे आणायची तयारी केली. “आई, इथेच, समोरच्या भिंतीवर लावू.” लावलाही. पण हलत्या उजेडाने तिचे डोळे दुखायला लागले; ती मान फिरवून भिंतीकडे तोंड करून पडली. मग बॅटरीने प्रोजेक्टर परत आत नेला आणि दार सताड उघडं ठेवलं. आवाज बोळातून धाडकन आला, स्वच्छ, धारदार.

“नको,” ती म्हणाली. “अंगावर येतो. दार लावा.”

“दार लावलं तर ऐकू कसं येईल तुला?”

“भिंतीतून.”

तो दाराकडे जाता जाता थांबला.

“मला भिंतीतूनच लागतो हो सिनेमा. बाहेर मी, आत तो. पाठीला भिंत. मग मी माझ्या मनाने चेहरे लावते. तुमच्या त्या खोलीत बसले तेव्हा मला काही सुचेना. थोरलीला मी केवढं लांब नाक दिलं होतं. तिथे भलतीच कोण बाई. सगळं ठरवून टाकलेलं.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस? रिक्षात?”

“सांगत होते. तुमचं तोंड एवढं... म्हटलं, करू दे. मला दाखवायचंय तर दाखवू दे.” तिने नळी नीट केली. “मला अर्धवट कधी वाटलंच नाही. घरी येईपर्यंत तुम्ही सांगायचात की उरलेलं.”

बॅटरी आत गेला. दार लावलं, आवाज वाढवला, आणखी वाढवला. बाहेर आला. तिने पाठ भिंतीला लावली होती, डोळे मिटले होते. तिने नकारार्थी मान हलवली.

“मुकी आहे हो भिंत.”

त्याच संध्याकाळी त्याने सुताराकडून पहार मागून आणली. सुतार म्हणाला, मी येतो. हा म्हणाला, नको, कापूस मी भरायला लावलाय, मीच काढतो. वरच्या मजल्यावर जाऊन आधी सांगून आला, की बाई, आता आवाज येईल. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “बरण्या मी खाली उतरवून ठेवलेल्या आहेत. लावा. पण गाणी असलेलं लावा, मारामाऱ्या नकोत.”

बोर्ड उचकटताना खिळे किंचाळत होते. गडद रंगाचे टवके उडाले. मागून कापूस बाहेर लोंबायला लागला, पिवळट, दाबून दगड झालेला. त्याच गाद्यांवर ती दोघं तरुण होती, त्यांवरच चिमणी रांगली होती. तो ओंजळी भरभरून काढत गेला. नाकातोंडात तंतू गेले. पलीकडून ती विचारत होती, “काय पाडताय?” आणि तो म्हणाला, “काही नाही, सेट बदलतोय.” शेवटी उघडी भिंत लागली, तिच्यावर चिमणीने लहानपणी खडूने काढलेलं एक मांजर.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने बहिणींचा सिनेमा लावला. दार लावून घेतलं नाही तर ती रागावली असती, म्हणून लावून घेतलं. स्वतः आत बसला. तेही तिचंच फर्मान. “तुम्ही बघितलं नाहीत तर मला सांगणार कोण?” त्याच्या शेजारची फळी वर उचललेली, रिकामी. धाकटी घर सोडून गेली. दार लागलं. थोरली जिन्यात भिंतीला टेकली आणि हसायला लागली. हसतच राहिली. मध्यंतराची पाटी आली तसा तो उठला आणि दार ओढून बाहेर आला.

तिचा चेहरा किती दिवसांत असा पाहिला नव्हता. डोळे मिटलेले, मान भिंतीला लावलेली, ओठांवर ऐकणाऱ्या माणसाचं हसू.

“आलं ऐकू?”

“सगळं. सायकलीची घंटासुद्धा.” डोळे उघडले. “ऐकलंत? कशी रडते. पोटातून.”

तो पलंगाच्या कडेला बसला. तिचा हात घेतला. किती हलका झाला होता.

“हो गं,” तो म्हणाला. “रडते.”

तिने हात काढून घेतला.

“काय म्हणालात?”

“रडते. तुझं बरोबर होतं.”

“आजारी माणसाशी खोटं बोलता?” तिचा श्वास वाढला, पण ती थांबेना. “भांडा माझ्याशी. एवढी वर्षं भांडलात, आता एकाएकी कसं पटलं? तुम्ही असं हो म्हणालात तर... मला कळेल ना, माझं काय होणारे ते.”

त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मग घसा खाकरला.

“हसते ती,” म्हणाला. आवाज चिरला, म्हणून पुन्हा, मोठ्याने: “चक्क हसते! खदाखदा! कान तपासून घे तुझे.”

“माझे कान शाबूत आहेत. तुम्ही चष्मा बदला.”

“दात दिसतात तिचे!”

“रडतानाही दिसतात!”

स्वयंपाकघरातून मुलगी धावत आली, “आई! बाबा! अहो, काय चाललंय?” तर दोघं एकमेकांकडे बघत होती. खिडकीने मान परत भिंतीला टेकली.

“हां,” ती म्हणाली. “आता कसं. लावा पुढचं.”

त्यानंतर थोडे दिवस रोज दुपारी खेळ होत राहिला. गाणी असलेले, मुख्याध्यापिकाबाईंच्या आवडीचे. तो आत बघायचा, ती बाहेर ऐकायची, मध्यंतराला आणि शेवटाला तो बाहेर येऊन बसायचा आणि दोघं सिनेमा जोडायची. हळूहळू तिचा वाटा कमी होत गेला. आधी ती प्रश्न विचारायची, मग नुसतं ‘अस्सं’ म्हणायची, मग नुसते डोळे. एका सकाळी, खेळाची वेळ व्हायच्या खूप आधी, मुलगी तिच्या उशाशी होती आणि तो चहा गाळत होता, तेव्हा ती गेली. चहाचं गाळणं हातात घेऊनच तो दारात उभा राहिला. मुलीने यंत्र बंद केलं, तेव्हा घरात एवढी शांतता झाली, की ती त्याने ठोकून-भरून केलेल्या शांततेपेक्षाही जाड होती.

माणसं आली, गेली. मुलगी म्हणाली, माझ्याकडे चला. तो म्हणाला, येईन. खिडकीचं सामान आवरायला काढलं तेव्हा त्याने पलंग तेवढा हलवू दिला नाही.

मग एक दिवस घर रिकामं असताना त्याने थिएटरचं कुलूप काढलं. प्रोजेक्टर लावला. रस्ता, सायकल, दोन मुली. आत बसला नाही. दार घट्ट ओढून घेतलं आणि झोपायच्या खोलीत येऊन तिच्या पलंगावर, तिच्या जागी, भिंतीला पाठ लावून बसला. डोळे मिटले.

आधी काही लागेना. नुसती गुणगुण, पाण्याखालून आल्यासारखी. मग कान बसले. सायकलीची घंटा आली. दोन मुलींची कुजबुज आली, शब्द नव्हे, नुसती चाल. गाणं आलं, आणि त्यातला ताल भिंतीतून त्याच्या पाठीच्या मणक्यांत शिरला. त्याची बोटं पलंगाच्या कडेवर आवळली, पण त्याने गाणं संपू दिलं. धाकटीची पावलं. दार लागल्याचा दणका.

आणि मग जिन्यातली ती थोरली.

त्याने तो प्रसंग इतक्या वेळा पाहिला होता, की मिटल्या डोळ्यांपुढे तिचे दात दिसत होते. पण दात भिंतीतून येत नाहीत. भिंतीने हसण्याची सगळी धार काढून घेतली होती. उरले होते ते फक्त उसासे, पोटातून वर येणारे, तुटणारे, पुन्हा येणारे. घर सगळं तिच्या एकटीच्या ताब्यात आलं होतं आणि आत कुणी नव्हतं.

“रडते गं,” तो म्हणाला. “रडतेच.”

पलीकडे मध्यंतर झालं असावं. आवाज थांबला. आयुष्यभर या क्षणाला तो दार उघडायला उठत आला होता. आज उठला नाही. भिंतीला पाठ लावून तसाच बसून राहिला, पुढचं सुरू व्हायची वाट बघत.